भोक लहान, ऑपरेशन तेवढंच

पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं की दुसऱ्या दिवशी पोटावर चार छोट्या पट्ट्या दिसतात. एक बेंबीपाशी, एक छातीच्या हाडाखाली, दोन उजवीकडे बरगड्यांच्या खाली. त्यातली दोन भोकं साधारण १० मिलिमीटरची, दोन ५ मिलिमीटरची. भेटायला आलेली मंडळी पट्ट्या बघतात आणि म्हणतात, "एवढंच? मग काही विशेष नाही." हळूहळू पेशंटलाही तसंच वाटायला लागतं. आत मात्र पित्ताशयाची रक्तवाहिनी बंद केलेली असते, नळी बंद करून कापलेली असते आणि यकृताला चिकटलेली पिशवी सोडवून बाहेर काढलेली असते. १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुखने पहिल्यांदा पोट उघडून पित्ताशय काढलं तेव्हा त्यानेही हेच केलं होतं. शंभरेक वर्षांत बदलला तो मुख्यतः आत शिरायचा रस्ता.

म्हणूनच दोन्ही पद्धतींची तुलना करताना मी एक हिशोब मांडून बघतो. दुर्बिणीचे बहुतेक फायदे पोटाच्या भिंतीत आहेत आणि बहुतेक मर्यादा सर्जनच्या नजरेत आणि हातात. भिंत पेशंटची आहे, त्यामुळे फायदा त्याला लगेच कळतो. नजर आणि हात कामाला लागतात तेव्हा तो भुलीखाली असतो.

आधी भिंत. पोट उघडून पित्ताशय काढायचं तर उजव्या बरगड्यांच्या कडेला समांतर, दोनेक बोटं खाली, १० ते १५ सेंटिमीटरची तिरकी चीर घेतात. कातडी, चरबी, स्नायूवरचं पांढरं चिवट आवरण, मग खुद्द स्नायू, त्याच्या मागचं आवरण आणि शेवटी पोटाचं आतलं अस्तर. हा स्नायू आपण कुशीवर वळताना, खोकताना, शिंकताना, नुसतं हसतानाही वापरतो. जखम दुखते म्हणून माणूस वरवरचा श्वास घेतो आणि खोकला दाबून धरतो. मग फुप्फुसांचा तळ नीट फुलत नाही, कफ तिथेच साचतो आणि न्यूमोनियाला आयती जागा मिळते. बेंबीच्या वरची चीर फुप्फुसांना खालच्या चिरेपेक्षा महाग पडते ती यामुळेच. सत्तरीचा, बिडी-सिगारेट ओढणारा किंवा दम्याचा पेशंट असेल, तर छोट्या भोकांचा खरा लाभ त्याच्या फुप्फुसांना होतो. व्रण दिसत नाही हा फायदा जाहिरातीत पहिला येतो. माझ्या यादीत तो शेवटचा.

भिंतीचं दुसरं दुखणं उशिरा उगवतं. पोटाच्या मधोमध उभी मोठी चीर घेतली, की शंभरातल्या दहा ते वीस जणांना पुढे त्याच जागी हर्निया होतो. टाके कसे घातले यावर त्यातलं बरंच अवलंबून असतं. वापरलेल्या धाग्याची लांबी जखमेच्या लांबीच्या किमान चौपट हवी. टाके कडेपासून एकेक सेंटिमीटर आत घेण्याऐवजी पाचेक मिलिमीटरवर, जवळजवळ घेतले तर जास्त टिकतात. २०१५ साली नेदरलँड्समधल्या चाचणीत एका वर्षानंतर मोठ्या टाक्यांच्या गटात २१ टक्के आणि छोट्या टाक्यांच्या गटात १३ टक्के हर्निया निघाले. म्हणजे ओपन, म्हणजे पोट उघडून केलेल्या, ऑपरेशनचा हा तोटा सगळाच्या सगळा अटळ नाही. शेवटच्या वीस मिनिटांत, सगळे दमलेले असताना, पोट कोण आणि किती मन लावून शिवतं, यावरही तो ठरतो.

दुर्बिणीच्या भोकातूनही हर्निया होतो, फक्त खूप कमी. मोठ्या माणसात ५ मिलिमीटरचं भोक आतून शिवायची सहसा गरज पडत नाही. १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठं असेल तर आतलं चिवट आवरण शिवायलाच हवं. जाड पेशंटमध्ये हे वाटतं तितकं सोपं नसतं. एवढ्याशा भोकातून सात-आठ सेंटिमीटर चरबीखालचं आवरण पकडून त्यात सुई घालायची असते. ते राहून गेलं तर आतड्याच्या भिंतीचा थोडासा भाग त्यात अडकू शकतो. वरून कातडी झकास जुळलेली असते, आणि दोन-चार दिवसांनी पेशंटला उलट्या सुरू होतात.

आता आत शिरण्याबद्दल. दुर्बिणीला बघायला जागा लागते आणि पोटात मोकळी जागा नसते, म्हणून वायू भरून पोट तंबूसारखं उचलावं लागतं. त्यासाठी बरेच जण व्हेरेसची सुई वापरतात. हंगेरीच्या यानोश व्हेरेसने ती मुळात क्षयाच्या पेशंटच्या छातीत हवा भरायला केली होती. बाहेरचं टोक धारदार, आत स्प्रिंगवर बसवलेली बोथट नळी. चिवट थरातून जाताना नळी मागे दबते, थर ओलांडला की टक्क करून पुढे येते. बेंबीपाशी असे दोन 'टक्क' हाताला जाणवतात, एक आवरणाचा आणि दुसरा अस्तराचा. मग सुईच्या तोंडावर सलाइनचा थेंब ठेवून तो आत ओढला जातो का ते बघतात. वायू सुरू केल्यावर सुरुवातीचा दाब (रक्तदाबासारखाच, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजलेला) आठ-दहा मिलिमीटरच्या खाली असेल तर सुई योग्य जागी आहे असं धरतात. आकडा लगेच चढला तर सुईचं टोक चरबीत किंवा आतड्याच्या भिंतीला टेकलेलं असण्याची शक्यता असते. अशा वेळी वायू बंद. "थोडा भरू दे, मग बघू" ही वृत्ती इथे अंगाशी येते.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमधल्या मोठ्या इजांचा बराच वाटा या पहिल्या काही मिनिटांतला असतो. शरीरातली सर्वांत मोठी धमनी बेंबीच्या साधारण पातळीवर दोन फाट्यांत विभागते, आणि बारीक माणसात ती कातडीपासून फारच थोड्या अंतरावर असते. आधी ऑपरेशन झालेलं असेल तर जुन्या व्रणाच्या आतल्या बाजूला आतडं चिकटलेलं असू शकतं. म्हणून अशा पेशंटमध्ये बेंबी टाळून डाव्या बरगडीच्या तीन सेंटिमीटर खालून शिरतात, किंवा हॅसनने १९७१ साली मांडलेल्या रीतीने दीड-दोन सेंटिमीटरची चीर घेऊन, डोळ्यांनी बघत आत जातात. 'दुर्बिणीतून' म्हणवणारं ऑपरेशन बऱ्याचदा अशा छोट्या ओपन ऑपरेशनने सुरू होतं, यात गंमत आहे खरी.

वायू म्हणून कार्बन डायऑक्साइडच वापरतात, कारण तो पेटत नाही, पेटायला मदतही करत नाही, आणि रक्तात चटकन विरघळून फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. चुकून थोडा रक्तवाहिनीत शिरला तरी तो साध्या हवेपेक्षा कमी घातक असतो. दाब १२ ते १५ मिलिमीटरपर्यंत ठेवतात. या दाबाने श्वासपटल वर ढकललं जातं, पायांकडून हृदयाकडे येणारं रक्त थोडं अडतं, आणि शोषलेला वायू बाहेर टाकायला भूलतज्ज्ञाला श्वासाचा वेग वाढवावा लागतो. कधी कधी अस्तर ताणलं गेल्याक्षणी नाडी एकदम मंदावते. तेव्हा पहिला उपाय म्हणजे वायू सोडून देणे, मग नाडी वाढवणारं अॅट्रोपिन. बहुतेकांना हे सगळं सोसतं. ज्याचं हृदय आधीच कसंबसं रक्त ढकलतंय किंवा ज्याची फुप्फुसं जुन्या आजाराने निकामी होत आली आहेत, त्याच्या बाबतीत हिशोब गुंतागुंतीचा होतो. छोट्या भोकांचा सर्वाधिक फायदा ज्या फुप्फुसांना व्हायचा, त्यांनाच वायूचाही सर्वाधिक त्रास. इथे भूलतज्ज्ञाचा शब्द सर्जनच्या शब्दाइतकाच वजनदार असायला हवा. कमी दाबावर, आठ-दहावर काम करणं हा मधला मार्ग आहे, पण मग जागाही कमी मिळते.

नजरेची बाजू एकतर्फी नाही, हे आधी कबूल करायला हवं. दुर्बीण काही पटींनी मोठं दाखवते. ओटीपोटाच्या खोल खोबणीत किंवा श्वासपटलाच्या खाली, जिथे उघड्या पोटातूनही मान वाकडी करून बघावं लागतं, तिथे ती प्रकाश घेऊन जाते. तीस अंशांनी तिरकं भिंग असलेली दुर्बीण फिरवून कोपऱ्यामागचंही दिसतं. आणि ऑपरेशन थिएटरमधल्या सगळ्यांना तेच चित्र दिसतं, ही शिकवण्याच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट.

पण साध्या पडद्यावर खोली कळत नाही, ती सावल्यांवरून आणि सरावाने ताडावी लागते. कॅमेरा असिस्टंटच्या हातात असतो. त्याचा हात थकला की क्षितिज कलतं. भिंगावर वाफ धरते, मग दुर्बीण बाहेर काढून गरम पाण्यात बुडवून पुसून परत आत. हत्यारं फूटभर लांब, आणि भोकाच्या जागी टेकलेली, त्यामुळे होडीच्या वल्ह्यासारखं सगळं उलटं: हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जातं. मनगटाची लवचीकता हत्याराच्या टोकाला मिळत नाही. हाताचा बारीक कंप मात्र लांबीबरोबर वाढून पोचतो. रोबोटने यातली मनगटाची आणि खोलीची अडचण बरीच सोडवली. स्पर्शाची सोडवली असं म्हणता येत नाही.

स्पर्श गेल्याने काय होतं, याचं नेमकं उदाहरण मोठ्या आतड्यातली छोटी गाठ. पोट उघडलं तर बोटांच्या चिमटीत ती लागते. दुर्बिणीतून आतडं बाहेरून सगळीकडे सारखंच गुळगुळीत दिसतं. म्हणून आधी कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीच्या, वेळीच गाठीजवळ आतड्याच्या भिंतीत काळी शाई टोचून ठेवतात. ती टोचायची राहिली, तर गाठीचा पत्ता लागत नाही, आणि चुकीचा भाग कापून बाहेर काढल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत.

आणि रक्त. रक्त प्रकाश शोषतं, त्यामुळे थोडासा स्राव झाला तरी सगळं चित्र काळपट लाल होतं. सक्शन लावावं तर ते रक्ताबरोबर वायूही ओढतं. पोट खाली बसतं, जागा जाते, आणि ज्या क्षणी सर्वांत जास्त दिसायला हवं त्याच क्षणी काहीच दिसेनासं होतं. उघड्या पोटात अशा वेळी बोट दाबून ठेवायचं, पॅड भरायचं आणि शांतपणे विचार करायचा. बोटासारखं हत्यार अजून कुणी बनवलेलं नाही. अपघातात पोटात रक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळलेला पेशंट आला, तर थेट उभी चीर घेतात, ती याच कारणाने.

आता परत पित्ताशयाकडे, कारण दोन्ही पद्धतींतला सौदा इथे सर्वांत स्पष्ट दिसतो. दुर्बिणीतून पहिलं पित्ताशय जर्मनीत बोब्लिंगेनला एरिख म्यूहने १२ सप्टेंबर १९८५ रोजी काढलं. पुढच्याच वर्षी जर्मन सर्जनांच्या अधिवेशनात त्याने ते मांडलं तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. काही वर्षांतच जगभर हीच रीत झाली, आणि मग एक नकोसा आकडा वर आला. ओपनच्या काळात मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण हजारात एक-दोन होतं. दुर्बिणीच्या सुरुवातीच्या वर्षांत ते हजारात पाचच्या आसपास गेलं.

ही इजा बहुधा हात घसरल्यामुळे होत नाही, ओळख चुकल्यामुळे होते. पित्ताशयाची नळी जिथे मुख्य नलिकेला मिळते, तिथे पित्ताशय वरच्या दिशेने जोरात ओढलं तर दोन्ही नळ्या एका सरळ रेषेत येतात. मग मुख्य नलिकाच पित्ताशयाची नळी वाटते. क्लिप लागतात, कात्री चालते, आणि सर्जनला त्या वेळी सगळं अगदी छान चाललंय असंच वाटत असतं. यावर स्टीव्हन स्ट्रासबर्गने १९९५ साली मांडलेला नियम आता जगभर शिकवतात. पित्ताशयाच्या मानेजवळचा त्रिकोण चरबी आणि तंतूंपासून पूर्ण मोकळा करायचा. पित्ताशयाचा खालचा एक-तृतीयांश भाग यकृतापासून सोडवायचा. आणि पित्ताशयात शिरणाऱ्या फक्त दोनच गोष्टी दिसायला हव्यात, एक नळी आणि एक धमनी. पुढून आणि मागून, दोन्हीकडून. त्याआधी क्लिप नाही. पित्ताशयाचा खालचा भाग बाहेरच्या बाजूला, पेशंटच्या उजवीकडे ओढला की हा त्रिकोण उघडतो. वाचायला सोपं वाटतं. सूज येऊन आठवडा झालेल्या, दगडासारख्या घट्ट झालेल्या पित्ताशयात हा त्रिकोणच सापडत नाही.

तिथे काय करायचं, हा खरा प्रश्न. पित्ताशयाचा वरचा भाग कापून खडे काढून टाकायचे आणि मानेचा धोक्याचा भाग तसाच ठेवायचा, हा एक मार्ग. नुसती नळी घालून पू बाहेर काढायचा आणि काही आठवड्यांनी परत यायचं, हा दुसरा. पोट उघडायचं, हा तिसरा. मुख्य नलिका कापली गेली तर आतड्याचा भाग वर आणून तिला जोडावा लागतो, आणि त्या माणसाला पुढे वर्षानुवर्षं तपासणीखाली राहावं लागतं. त्याच्या तुलनेत पोटावरची पंधरा सेंटिमीटरची चीर फारच स्वस्त.

केस 'कन्व्हर्ट' झाली, म्हणजे दुर्बिणीने सुरू करून पोट उघडावं लागलं, की नातेवाईकांचे चेहरे पडतात. काहीतरी बिघडलं, असंच त्यांना वाटतं. दोन कन्व्हर्जन मात्र वेगळी असतात. रक्त उसळलंय किंवा आतडं फाटलंय म्हणून धावतपळत केलेलं एक. अर्धा तास झाला, काही पुढे सरकत नाही, रचना कळत नाहीये म्हणून शांतपणे केलेलं दुसरं. दुसऱ्या प्रकाराला मी सर्जनच्या चांगल्या खुणांपैकी एक समजतो.

मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आता पित्ताशय उघडावं लागतं ते फक्त अवघड पेशंटमध्ये. त्यामुळे नव्या सर्जनला साधं, सोपं ओपन ऑपरेशन शिकायला मिळतच नाही. त्याचं पहिलंच ओपन पित्ताशय सगळ्यात चिकटलेलं, सगळ्यात रक्तबंबाळ असतं, आणि तेही बऱ्याचदा रात्री. दुर्बिणीचा सुरक्षित आधार ओपन हाच आहे, आणि तोच हळूहळू विसरला जातोय. जिथे शिकवणारे ज्येष्ठ अजून आहेत तिथे प्रत्येक कन्व्हर्जनला ज्युनियरला टेबलापाशी बोलवावं, एवढं तरी करता येईल.

सगळ्या आजारांना एकच उत्तर नसतं. अपेंडिक्समध्ये दुर्बिणीने जखमेतला पू कमी होतो, आणि दुखण्याचं मूळ अंडाशयात असेल तर तेही तिथल्या तिथे दिसतं. जांघेच्या हर्नियात मात्र निवड मोकळी आहे. ओपन पद्धतीने जाळी बसवणं जागेपुरती भूल देऊनही होतं, दुर्बिणीला सहसा पूर्ण भूल लागते. अमेरिकेत माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांत झालेल्या चाचणीत, २००४ साली, दोन वर्षांत हर्निया परत येण्याचं प्रमाण दुर्बिणीच्या गटात १०.१ टक्के आणि ओपन गटात ४.९ टक्के निघालं. २५० हून अधिक दुर्बिणीची ऑपरेशनं केलेल्या सर्जनच्या हातात मात्र दुर्बिणीचा आकडा जवळपास निम्म्यावर आला. दोन्ही बाजूंना हर्निया असेल, किंवा आधीच्या ओपननंतर परत आला असेल, तर दुर्बिणीकडे झुकतं माप द्यायला हरकत नाही.

कॅन्सरमध्ये तर गृहीत काहीच धरू नये. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी २००४ सालच्या मोठ्या चाचणीत दोन्ही पद्धतींनी आजार उलटण्याचं प्रमाण सारखंच दिसलं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्येही तसंच असेल असं वर्षानुवर्षं धरून चाललं होतं. २०१८ साली चाचणीचा निकाल आला. साडेचार वर्षांनंतर आजारमुक्त राहिलेल्या बायका ओपन गटात ९६.५ टक्के, आणि दुर्बीण-रोबोटच्या गटात ८६ टक्के. हे असं का, यावर अजून वाद आहेत. पण ज्या ऑपरेशनमध्ये दुखणं कमी, रक्त कमी, घरी जाणं लवकर, त्याच ऑपरेशनने आयुष्य कमी होऊ शकतं, हे सगळ्यांना एकदम कळलं. फायब्रॉइडचे, म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठींचे, तुकडे करून छोट्या भोकातून काढणाऱ्या यंत्राबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली असाच इशारा दिला होता. फायब्रॉइड समजून ऑपरेशन केलेल्या साधारण ३५० पैकी एका बाईत लपलेला कॅन्सर असू शकतो, आणि यंत्राने तो पोटभर विखुरू शकतो, असा त्यांचा अंदाज होता. भोक लहान ठेवायचा हट्ट इथे नडला.

एक अडचण क्वचितच कुणी सांगतं, ती हत्यारांच्या स्वच्छतेची. ओपनची हत्यारं साधी असतात, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, निर्जंतुक होऊन निघतात. दुर्बिणीची हत्यारं लांब, पोकळ, सांध्यांत रक्त अडकवणारी, आणि त्यातली काही उष्णता न सोसणारी. दोन केसच्या मध्ये ती ग्लुटारल्डिहाइडच्या द्रावणात वीस मिनिटं बुडवून वापरली, तर बहुतेक जंतू मरतात. बीजाणू, म्हणजे जंतूंची चिवट कवचातली रूपं, मारायला मात्र आठ-दहा तास लागतात. मग ती साध्या पाण्याने खंगाळली, तर पाण्यातले क्षयरोगाच्या जातकुळीतले काही जंतू परत हत्यारावर. जखम आधी व्यवस्थित भरते. तीन-चार आठवड्यांनी त्याच जागी गाठ येते, मग पातळ पाण्यासारखा स्राव सुरू होतो, नेहमीची अँटिबायोटिक्स काम करत नाहीत, आणि उपचार महिनोन् महिने चालतात. हत्यारं पूर्ण सुटी करून, घासून धुऊन, ऑटोक्लेव्ह केली तर हे बहुतांशी टळतं. ऑपरेशनला जाण्याआधी "तुमच्याकडे दुर्बिणीची हत्यारं ऑटोक्लेव्ह करता का?" असं खुशाल विचारावं. त्याचबरोबर गरज पडली तर पोट उघडण्याची संमती फॉर्मवर आहे का, आणि ते उघडणारे सर्जन हेच का, हेही.

घरी गेल्यावर दोन-तीन दिवस उजवा खांदा दुखू शकतो. पोटात उरलेला वायू श्वासपटलाला त्रास देतो, आणि श्वासपटलाची नस मानेतून येते, खांद्याच्या नसांच्याच शेजारून. चालण्याफिरण्याने आणि साध्या वेदनाशामक गोळीने ते जातं. पोटाच्या दुखण्याचं गणित वेगळं. दुर्बिणीनंतर ते रोज कालच्यापेक्षा कमी व्हायला हवं. पडद्यावर फक्त हत्याराचं टोक दिसतं. मागच्या दांड्याचं इन्सुलेशन कुठे फाटलेलं असेल, तर कॉटरीचा, म्हणजे विजेने कापणाऱ्या आणि रक्त थांबवणाऱ्या हत्याराचा, करंट तिथून शेजारच्या आतड्याला भाजतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. भाजलेला भाग लगेच फुटत नाही. तो काही दिवसांनी, बऱ्याचदा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी किंवा त्याही नंतर, पेशंट घरी असताना फुटतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी बरं वाटून तिसऱ्या दिवशी पोट जास्त दुखायला लागलं, फुगलं, नाडी शंभरच्या वर गेली, ताप आला किंवा डोळे पिवळे दिसायला लागले, तर पट्ट्या किती लहान आहेत ते बघत बसू नये. त्याच रात्री हॉस्पिटल गाठावं.